पाचवा सभासद

मंगळवार, संध्याकाळचे सात

आज पुन्हा चहाचा बंब काठोकाठ भरला. मूर्खच आहे मी. प्यायला आम्ही चौघंच! खेड्यातल्या या लॉजचा, म्हणजे आमच्या सेवाभावी मंडळाचा, जुना नियम आहे, पाच सभासद हजर असल्याशिवाय सभा सुरू करायची नाही. पाचवे केन. म्हाताऱ्यांच्या लंचला वाढायला म्हणून मला इथे त्यांनीच ओढलं. ते गेल्या आठवड्यात वारले.

आज हॉल कायमचा बंद करायचा ठराव होता. सेक्रेटरी मेरीबाईंनी नियमांचं पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "चौघांत ठरावही होत नाही गं."

नवीन कोण येणार? माझा नवरासुद्धा येत नाही.

बंब सिंकमध्ये ओतताना मी विचारलं, "मग पुढच्या मंगळवारी?"

"यायचं. बंद करता येत नाही ना."