आधी इशारा, मग शॉक

३ डिसेंबर
सकाळी कॅनॉल रोडवर फिरताना चोरानं छायाचं मंगळसूत्र ओढलं. तुटेना, म्हणून तिला फरफटत नेलं. मानेवर रक्ताळलेला वळ, गुडघा फुटला. नवरा म्हणून मी शेजारीच होतो, पण बुटाची लेस बांधत होतो. लेस खरंच सुटली होती का? बहुधा होती.
संकल्प : पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. शॉक देणारं यंत्र ऑनलाइन मागवलं.

७ डिसेंबर
यंत्र आलं. टॉर्चसारखं आहे, तडतडतं. जे आपण सोसलं नाही ते दुसऱ्याला द्यायचा अधिकार नाही. म्हणून जाकिटावरून स्वतःच्या दंडाला लावलं. काहीच नाही. योगासनांचा परिणाम असावा.
मेहुणा दिनेश सायखेड्याहून आलाय. म्हणाला, दाजी, जाकीट काढा की!

७ डिसेंबर, संध्याकाळ
उघड्या मांडीला लावलं. मांडीचा दगड झाला. कोसळलो. कपाळ टीपॉयवर, दात जिभेत. सिनेमातल्यासारखी शुद्ध जात नाही. सगळं नीट जाणवतं. करंटपेक्षा टीपॉय जास्त लागला. दिनेश म्हणाला, दाजी, लाटणं स्वस्त पडलं असतं.

९ डिसेंबर
वाचलं : हृदय कमजोर असेल तर धोका. चोराची बायपास झालेली असली तर? नियम ठरवला : आधी इशारा, मग तब्येतीची चौकशी, मग शॉक. छायाला समजावलं. ती मानेला मलम लावत होती. मलमाचं झाकण लावून झोपायला गेली. पटलं असावं.

१४ डिसेंबर
तोच रस्ता, तोच चोर. छायाच्या गळ्यात या वेळी खोटं मंगळसूत्र. त्यानं त्याच मानेला हात घातला. मी यंत्र रोखून विचारलं, तुम्हाला हृदयाचा काही त्रास? तो म्हणाला, काय? मी पुन्हा विचारलं. जबड्यावर ठोसा, पोटात लाथ. यंत्र पडलं. छायानं उचललं आणि त्याच्या फॅशन म्हणून फाडलेल्या जीन्सच्या भोकातून मांडीला दाबून धरलं. तो लाकडासारखा आडवा. डांबरावर नाक फुटलं. उठू लागला तशी तिनं परत लावलं. मी खालून ओरडलो, छाया, इशारा!

१५ डिसेंबर
चोर कोठडीत. फौजदारांनी विचारलं, तुम्ही काय केलंत? म्हटलं, योग्य ती चौकशी.
घरी छाया म्हणाली, अहो, चोराची छाती कशी आहे, हे दोनदा विचारलंत. माझी मान कशी आहे, हे एकदा तरी?
यंत्र तिच्या पर्समध्ये गेलं. उद्यापासून ती शेजारच्या तेजलबरोबर फिरायला जाणार.
मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मानेचं उद्या नक्की विचारीन. आज जबडा उघडत नाही.