डॉक्टरांचं दुसरं वाक्य

लालबाग,
मंगळवार

प्रिय ताई,

तुझा मेसेज रविवारीच वाचला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर तू रडायला लागतेस, मग मूळ विषय बाजूला राहतो आणि मीच तुझी समजूत काढत बसते. म्हणून कागद घेतला. तुझ्या लेकीबद्दल, श्रेयाबद्दल, तू जे मागितलं आहेस त्याचं उत्तर शेवटी देते. आधी माझं ऐक. इतक्या वर्षांत तू ते कधी विचारलं नाहीस आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी सकाळची भाजी तीच चिरते. माझगावला तुझ्याकडे येईन म्हणत होती, पण तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे हे कळल्यापासून विषय काढत नाही. मी अजून ठाकूरद्वारच्या त्याच चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. जुने मालक गेले, मुलगा बसायला लागला, त्यानं दुकान चकाचक केलं आणि होते त्याच्या दुप्पट आरसे लावले. आता मला त्यांचं काही वाटत नाही. पण साखरपुड्याच्या वर्षी मला माणसांपेक्षा आरशांनी जास्त छळलं. गिऱ्हाईक नवी फ्रेम लावून स्वतःला न्याहाळायचं आणि त्याच्या खांद्यामागे मला माझा रुंदावलेला भांग दिसायचा.

तो भांग पहिल्यांदा तुलाच दिसला होता. सौमित्रशी माझा साखरपुडा झाला, दादरच्या हॉलवरचे फोटो आले, तेव्हा तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "वैशू, वरून काढलेल्या फोटोत तुझी टाळू केवढी दिसतेय बघ." वाईट बोलली नाहीस, काळजीनं बोललीस. परळच्या डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंटही तूच घेतलीस आणि अर्धा दिवस घर टाकून माझ्याबरोबर आलीस. तेव्हा मला केवढा आधार वाटला होता. त्या बाईंनी भिंगातून माझी टाळू बघितली, आईचे, मावशीचे केस कसे आहेत ते विचारलं, रक्ताचे रिपोर्ट चाळले आणि म्हणाल्या, हे घराण्यातून आलेलं विरळ होणं आहे, वेळेवर आलात. टाळूला सकाळ-संध्याकाळ लावायचं औषध लिहून दिलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की सुरुवातीचे काही आठवडे केस आत्तापेक्षा जास्त गळतील. मी दचकले, तेव्हा तू माझा हात धरलास. दुसरी ही, की ते गळणं तात्पुरतं असतं, अशक्त झालेले जुने केस जागा सोडतात आणि त्याच मुळांतून नवे येतात, म्हणून घाबरून औषध मध्येच सोडायचं नाही, फरक दिसायला चार-सहा महिने लागतील. तू त्यांना विचारलंसही, "लग्न वैशाखात आहे, तोवर होईल ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "लग्नाचं मी सांगू शकत नाही, केसांचं सांगते." तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतीस, ताई. जे माझ्या कानांनी ऐकलं ते तुझ्याही कानांनी ऐकलंस.

तीन आठवड्यांनी गळायला लागले. ऐकून ठेवलेलं असणं वेगळं आणि मोरीच्या जाळीत अडकलेला स्वतःच्याच केसांचा गोळा बोटांनी काढणं वेगळं. कंगवा फिरवायची भीती वाटायची. डोक्यावरून पाणी घेताना मी डोळे मिटून घ्यायचे. उशीवर, डब्यातल्या पोळीवर, दुकानातल्या पांढऱ्या कोटाच्या खांद्यावर केस. एकदा एका लहान मुलीचे डोळे तपासताना तिनं माझ्या बाहीवरचा केस उचलला आणि आईला दाखवला. मी मधला भांग सोडून बाजूला पाडायला लागले, टाळू दिसू नये म्हणून भांगात काजळाची पूड बोटानं दाबायला शिकले. टाळूला खाज सुटायची, कोंड्यासारखं पांढरं पडायचं, गिऱ्हाइकासमोर खाजवताही येत नसे. आई रोज केर काढताना माझे केस गोळा करायची आणि मी बघायच्या आत कचऱ्यात टाकायची. एकदाच बोलली. "केस वायच कमी झाले म्हणान कोणाचो जीव जाणा नाय." तेवढ्या एका वाक्यावर मी महिना काढला.

तू मात्र दर रविवारी यायचीस आणि आल्या आल्या माझं डोकं उजेडाकडे वळवायचीस. भृंगराजाचं तेल आणलंस, कांद्याचा रस आणलास. तो रस लावून मी दुकानात गेले त्या दिवशी मालकांनी विचारलं, इथे कोणी भजी खाल्ली का? मी तुला परत परत म्हणत होते, "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, होणार म्हणून?" आणि तू म्हणायचीस, "डॉक्टरांना काय जातंय सांगायला? लग्न त्यांचं आहे का?" स्थळ भावोजींच्या ऑफिसातून आलेलं, सौमित्रचे काका त्यांचे साहेब, उद्या काही झालं तर भावोजींना खाली बघावं लागेल, हेही तू एकदा बोललीस. मी ते ऐकून सोडून दिलं. तेव्हा त्यात मला काही दिसलं नाही.

मग एका संध्याकाळी सौमित्रनं शिवाजी पार्कला बोलावलं. आम्ही कट्ट्यावर बसलो. समोर नेट्समध्ये मुलं खेळत होती. तो माझ्याशी बोलत होता आणि बघत होता माझ्या भांगावर घेतलेल्या ओढणीकडे. शेवटी म्हणाला, "हे केसांचं हेरिडिटरी असतं ना? म्हणजे उद्या मुलांना वगैरे?" मी त्याला डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं नीट सांगितलं, औषधाचं नाव सांगितलं, हवं तर चल, त्यांना भेट, असंही म्हटलं. तो हो म्हणाला. त्याचं स्वतःचं कपाळ तेव्हाच अर्धं वर सरकलेलं होतं, पण ते मी बोलले नाही. त्याला हे कोणी सांगितलं, ते विचारायचं मला त्या क्षणी सुचलंच नाही. त्याआधी मी तर त्याला एका शब्दानं बोलले नव्हते आणि गेले दोन आठवडे ओढणी डोक्यावरून घेऊनच त्याला भेटत होते. चार दिवसांनी त्याच्या काकांनी भावोजींना ऑफिसातच सांगितलं की पत्रिका पुन्हा दाखवली, जमत नाही.

त्या रविवारी तू आलीस ती थेट मोरीत गेलीस. बाटली उपडी केलीस आणि वर पाणी ओतलंस. "या औषधानं वाटोळं केलं पोरीचं," असं आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालीस. मी अडवलं नाही. माझ्यात त्राणच नव्हतं, आणि तू रडत होतीस. मी तुला जवळ घेतलं. लग्न माझं मोडलं होतं आणि मी तुझी पाठ थोपटत होते.

पुढची दोन वर्षं मी काहीच केलं नाही. भांग रुंदावत गेला. त्या दोन वर्षांत तू मला तीन स्थळं आणलीस, एक विधुर, एक घटस्फोटित आणि एक ज्याच्याबद्दल तू स्वतःच म्हणालीस की आता फार निवड करण्यात अर्थ नाही. मग एक दिवस दुकानातून सुटल्यावर मी एकटीच परळला गेले. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. का सोडलं, विचारलं. मी म्हटलं, घरचे घाबरले. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की मधल्या काळात जे गेलं त्यातलं सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते राखू. पुन्हा औषध, पुन्हा गळती. या वेळी मी कोणाला सांगितलं नाही. घरात डोक्याला रुमाल बांधायचे, केस धुतले की जाळीकडे न बघता ती साफ करायचे, आणि दुकानात एका आरशाकडे पाठ होईल असं माझं स्टूल फिरवून घेतलं. त्या महिन्यांत तू मला काही विचारू नयेस म्हणून मी माझगावला यायचं टाळत होते. तू म्हणायचीस, वैशू फार शिष्ट झाली आहे. पुढे कधीतरी भांगाच्या कडेला बारीक लव दिसली. आईला दाखवली तर ती म्हणाली, मला काही दिसत नाही, चष्मा दे. चष्मा लावला आणि मग तिनं तिथे नुसतं बोट फिरवलं. माझे केस दाट झाले नाहीत, ताई. पण भांग आहे तिथे थांबला. पहिल्या खेपेला औषध सोडलं नसतं तर किती केस राहिले असते, हा हिशेब मी करत नाही. तो तू कर.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. चार वर्षांपूर्वी सौमित्रच्या आई आमच्या दुकानात आल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा नंबर काढायचा होता. सून बरोबर होती, ती औषधं आणायला बाहेर गेली. त्यांनी मला ओळखलं आणि आपणहून बोलल्या. म्हणाल्या, "राग धरू नकोस हो. आम्हाला काही कळलंच नसतं. तुझी बहीणच घरी येऊन सांगून गेली. औषधानं पोरीचे केस मुठीमुठीनं जातायत, वर्षभरात टक्कल पडेल, नंतर आम्हाला बोल लावू नका म्हणाली. मी सौमित्रला म्हटलं, किती सरळ बाई आहे." मी त्यांना एकच विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते तिनं सांगितलं का? त्या म्हणाल्या, "डॉक्टरांचं काही नाही बोलली." मग त्यांनी विचारलं, फ्रेम नाकावर टोचतेय, सैल करता येईल का. मी ती सैल करून दिली.

तू खोटं बोलली नव्हतीस. डॉक्टरांचं पहिलं वाक्य सांगितलंस, दुसरं ठेवून दिलंस. भावोजींची मान खाली जाऊ नये म्हणून. हे मला चार वर्षं माहीत आहे. तुझ्याकडे गणपतीला आले, मोदक वळले, श्रेयाच्या दहावीच्या निकालाचे पेढे खाल्ले, आणि बोलले नाही. बोलून माझं काय परत येणार होतं?

आता तुझ्या मेसेजचं उत्तर. तू लिहिलंस की श्रेयानं ते औषध सुरू केलंय, केस भसाभस जातायत, मी सांगून ऐकत नाही, तू तिला तुझं काय झालं ते सांग म्हणजे घाबरून सोडेल. श्रेया रविवारपासून माझ्याकडे आहे, हे तुला आईनं कळवलं असेलच. बाटली घेऊनच आली. काल सकाळी मोरीतून मूठ मिटून बाहेर आली, माझ्यासमोर उघडली आणि तशीच उभी राहिली. मी तिला माझं काय झालं ते सांगितलं. गळती, रुमाल, काजळाची पूड, मोडलेलं लग्न, सोडलेलं औषध, पुन्हा धरलेलं औषध. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मावशी, आई आली होती ना तुझ्याबरोबर डॉक्टरकडे? मग तिला माहीत असेल हे थांबतं म्हणून. ती उगाच घाबरते." मी म्हटलं, हो, आली होती, माझा हात धरला होता. तिला अजून एवढीच आई माहीत आहे. गळती थांबेपर्यंत ती इथे राहील, इथूनच कॉलेजला जाईल, आणि मग स्वतःच्या पायांनी तुझ्याकडे येईल. तोवर तिला न्यायला येऊ नकोस, आणि तिच्या केसांबद्दल कोणाच्याही घरी जाऊन बोलू नकोस. तिच्या बाटलीला तुझा हात लागला, तर सौमित्रच्या आई मला काय म्हणाल्या ते मी तिला सांगेन. ते सांगायची वेळ माझ्यावर आणू नकोस, एवढं मागण्यासाठी हे पत्र.

अजूनही तुझीच,
वैशू