दोन-दोन गोल

१४ डिसेंबर २००२, शनिवार. कोल्हापूर, लॉज.
‘उल्का, तुला एकाच प्रश्नात दोन गोष्टी दिसतात गं,’ एम.ए.ला शिकवणाऱ्या सावित्रीबाई मला म्हणाल्या होत्या. पेपर परत देताना. पेपर अर्धाच लिहून झाला होता, पण तो मुद्दा वेगळा. वाक्य मी जपून ठेवलंय.

उद्या सेट, प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. इतकी वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर काढली. जूनमध्ये मराठीची एक कायम जागा भरणार. सेट पास असेल त्यालाच. अपूर्वाही बसतेय. माझीच विद्यार्थिनी, आता माझ्याच स्टाफरूममध्ये. शेजारच्या कॉटवर गाइड पाठ करतेय बिचारी. तिला धीर दिला. पुढच्या वर्षी होईल म्हटलं.

१५ डिसेंबर, रविवार. परतीची एसटी, आंबा घाटात चहाचा थांबा.
पेपर उत्तम! असा पेपर आयुष्यात गेला नव्हता.

सुटल्यावर गेटाशी उत्तरं पडताळली. मी, अपूर्वा आणि दापोलीचे हरिश्चंद्र सर. त्या दोघांची सारखी जुळत होती. एकाच गाइडवर अभ्यास केला की असं होतं. बाराव्याला सर म्हणाले, ब. अपूर्वा म्हणाली, ब. मी म्हटलं, माझंही ब. आणि क.

अपूर्वाने सरांकडे पाहिलं.

मग सरांनी विचारलं, मॅडम, ‘आणि’ म्हणजे काय? मी समजावलं. प्रश्न होता, कथेचा प्राण कशात? पात्रात म्हटलं तर संवादावर अन्याय. म्हणून दोन्ही गोल रंगवले. एकोणिसाव्याला क बरोबरच होता, पण इतक्या ठामपणे सांगवेना, म्हणून ‘यांपैकी नाही’ हाही रंगवला. समासात बारीक अक्षरात कारण दिलं. सर चहा आणतो म्हणून गेले ते आमची गाडी सुटेपर्यंत स्टँडवरही दिसले नाहीत. दापोलीकडची माणसं जरा तुटकच.

१६ डिसेंबर, सोमवार.
राजेंद्रला सगळं सांगितलं. नवरा असून हसला. म्हणाला, अगो, आमटीत मीठ घातलंस का विचारलं तरी तू हो नि नाही दोन्ही सांगतेस. बंदर खात्यात नोकरी, वाङ्मयाशी संबंध भरती-ओहोटीच्या तक्त्यापुरता. दुर्लक्ष केलं.

निश्चय: निकालापर्यंत पेपरचा विचार नाही.

१७ डिसेंबर.
बत्तिसाव्याला तीन गोल हवे होते का?

९ जानेवारी २००३.
अपूर्वाने घाबरत घाबरत सांगितलं, मॅडम, ते पेपर मशीन तपासतं. दोन गोल म्हणजे शून्य. समासातलं कोणी वाचत नाही. मी म्हटलं, मशीनही शेवटी माणसानेच बनवलंय ना? ती म्हणाली, हो मॅडम, पण मराठीच्या माणसाने नाही. पोरीला विनोदबुद्धी आहे. कायम झाल्यावर तिच्यासाठी काहीतरी करायला हवं.

२ मे.
जूनची आखणी केली. कविता मी घेणार, व्याकरण अपूर्वाला. दोन नव्या सुती साड्या घेतल्या. कायम माणसाने रोज तीच किरमिजी नेसून कसं चालेल? राजेंद्र म्हणाला, निकाल तरी लागू दे. या माणसाला दूरदृष्टी नाही.

२८ मे.
निकाल. पेपरात यादी आलीय. माझा नंबर नाही. छपाईत चुका होतातच.

२९ मे.
दुसरा पेपर आणला. त्यांचीही छपाई तशीच.

संध्याकाळी अपूर्वा पेढे घेऊन आली. पास! वाकून नमस्कार केला आणि उठेचना, रडत होती. म्हणाली, मॅडम, तुमची जागा घेतल्यासारखं वाटतंय, मी अर्जच करत नाही. तिला उभं केलं, पेढा भरवला आणि खडसावलं, अर्ज केला नाहीस तर या घरची पायरी चढू नकोस. तेवढं एक वाक्य मात्र मी ठाम बोलले. ती गेल्यावर राजेंद्रने चहा केला. साखर विसरला. मी सांगितलं नाही.

१६ जून, सोमवार.
कॉलेज उघडलं. अपूर्वाला कायमची ऑर्डर मिळाली. टाइमटेबल तिनेच लावलंय. कविता आपणहून मला ठेवली, स्वतःला व्याकरण. तिचा ‘मॅडम’ अजून तसाच. मी नवी साडी नेसले होते. कोणी विचारलं तर कॉलेज उघडलं म्हणून, असं सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसले. पहिल्याच प्रश्नाला अ रंगवला. बरोबर आहे. पण ड ची बाजूही अगदीच टाकाऊ नाही...

डिसेंबरात पुन्हा बसायचं. उद्या अपूर्वाला विचारणार आहे: दर रविवारी येऊन माझ्या शेजारी बसशील का? आणि मी दुसरा गोल रंगवायला घेतला, की माझ्या हातावर पट्टी मारशील? जोरात?

यायला हो म्हणेल, पट्टीला नाहीच म्हणेल ती.