तीन ठिपक्यांची माशी

३ मार्च, सकाळी ७.१०
बाल्कनीत भयंकर प्राणी. मधमाशीएवढा, अंगभर केस, तोंडाला सुईसारखी सोंड. हवेत एका जागी थांबून माझ्याकडेच बघत होता. मी शांतपणे आत आलो, दार लावलं, कडी घातली, फटीत टॉवेल कोंबला. घाबरलो नाही. शुक्रवारी मुलगी नातीला घेऊन आठ दिवस राहायला येतेय. अकरा महिन्यांची पोर, रांगत थेट बाल्कनीतच जाणार. त्याआधी या प्राण्याची ओळख पटवायची. मला कीटकांतलं बरंच कळतं.

संध्याकाळी
बायको म्हणाली, अहो, माशी आहे ती. मनातल्या मनात तिला क्षमा केली.

४ मार्च
बंद खिडकीतून, झूम करून फोटो काढला. हात हलला. (पंखा पाचवर होता.) कीटकांच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवरच्या प्राध्यापिका बाईंनी कळवलं, बी-फ्लाय दिसतेय, मधमाशीसारखी दिसणारी माशी, चावत नाही. पण पंखाजवळचे हे तीन ठिपके कधी पाहिले नाहीत. जवळून फोटो काढा आणि पंख मोजा. दोन असले तर माशी, चार असले तर मधमाशी.
बाईंनीसुद्धा पाहिलेले नाहीत म्हणजे विषारी नसेल कशावरून? हातपाय गार पडले. बीपी असावं.

५ मार्च
उद्या नक्की जवळ जाणार. आज हेल्मेट शोधलं.

६ मार्च
हेल्मेट, रेनकोट, हातमोजे. दार बोटभर उघडलं. गुणगुण. दार लावलं. पंख मोजले: सहा किंवा सात.
मुलीला फोन केला, येऊ नकोस, घरात धोका आहे. ती म्हणाली, बाबा, रजा मुश्किलीने मिळालीय, पुन्हा सहा महिने मिळणार नाही. मी ठाम राहिलो. मग सासरी जाते म्हणाली.

९ मार्च
बाईंनी विचारलं, तुमच्या बाकीच्या फोटोंतही हे ठिपके आहेत का? बघितलं. विजेच्या मीटरवर तीन. नातीच्या गालावर तीन. ते मी तीळ समजलो होतो. पोरगी आमच्या घराण्यावर गेलीय असं सगळ्यांना सांगूनही झालंय. मोबाइलची लेन्स रुमालाने पुसली. नवा फोटो काढला, ठिपके गेले. बाई म्हणाल्या, मग साधीच बी-फ्लाय.
लगेच मुलीला फोन, ये. ती म्हणाली, दहा तासांचा प्रवास करून पोचलोय, बाळाला परत नाही दमवत.

१२ मार्च
व्याह्यांनी व्हिडिओ पाठवला. नात चालली. तीन पावलं, मग त्यांच्या गुडघ्याला मिठी. बायको म्हणाली, इकडे आली असती तर इकडे चालली असती. व्हिडिओ सहा वेळा बघितला.
खरं लिहितो. घाबरलो होतो.