आधी हात ओला करायचा

ताकासाकी, २ नोव्हेंबर

ती. बाबांस,
मिओरीचा शि. सा. न.

कोबीचा शेवटचा ट्रक गेला का? पाठीला पट्टा बांधताय ना?

इथे माझ्या जिवाला घोर लागला आहे. बालवाडीच्या मागच्या कोपऱ्यात मुलांनी पानांचा ढीग केला आहे, त्याखालच्या मातीत गांडुळं आहेत. बांधावर तुम्ही मला शिकवलंत तेच मी शिकवते : आधी हात ओला करायचा, मग उचलायचं, आणि जिथून घेतलं तिथेच ठेवायचं. पण पालक समितीला त्या जागी कृत्रिम हिरवळ हवी आहे. कपडे मळतात म्हणे. आमच्या मुख्याध्यापिका निशिवाकीबाई म्हणाल्या की पालकभेटीच्या दिवशी मुलांनाच दाखवू दे काय ते, मग ठरवू.

समितीच्या प्रमुख म्हणजे हिबिकीची आई. हिबिकी पाच वर्षांची. ती झारी धरून उभी राहते, मातीला बोट लावत नाही. केइगोने आजोबांचा हवाला देऊन वर्गात जाहीर केलं की गांडुळावर शू केली तर शूची जागा सुजते. तेव्हापासून सगळे मुलगे गांडुळांशी फार अदबीने वागतात. हे खरं नाही, असं सांगायला हवं ना? माझ्या तोंडून चुकीचं काही गेलं तर ते जन्मभर त्यांच्याबरोबर राहील, या विचाराने झोप लागत नाही.

माया आहेच; सोबत चार ओळींचा धीरही पाठवा.
तुमची मिओरी

७ नोव्हेंबर

चि. मिओरीस,
अनेक आशीर्वाद.

ट्रक गेला. पट्टा खुंटीला आहे, पाठ माझ्याकडे आहे.

केइगोच्या आजोबांना इतक्यात खोटं पाडू नकोस. गांडुळांचं त्यात भलंच आहे. तुझा दादा तर एकदा तसंच करून रडत रडत घरी आला होता आणि तू त्याच्या वतीने एक गांडूळ धुऊन, माफी मागून सोडलं होतंस. विसरलीस?

आता कोरडा वारा सुटेल. पानं हलू देऊ नकोस. पानं गेली की माती वरून सुकते आणि गांडूळ खाली जातं. बाकी तू लहानपणापासून परीक्षेच्या आधीच नापास होतेस, तेवढं सोड.

जेवत जा, आणि आमची आठवण ठेवत जा.
बाबा

ताकासाकी, १८ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न.

शनिवारी पाहुण्यांच्या आधीची साफसफाई होती. मी आत खिडक्या पुसत होते. बाहेर आले तर मुलांच्या आयांनी कोपरा लख्ख झाडलेला, एकेक पान पिशव्यांत भरून कुंपणाशी रचलेलं. सगळ्या घामाघूम होऊन हसत होत्या. मी कमरेत वाकून आभार मानले. दुसरं काय करणार होते?

मंगळवारी मुलं पालकांसमोर गुडघे टेकून बसली. माती भुसभुशीत, कोरडी. एकही गांडूळ नाही. निशिवाकीबाईंनी घड्याळ पाहिलं. केइगोने मोठ्याने शंका काढली की कोणीतरी शू केली असणार. आया तोंडावर हात धरून हसल्या आणि माझे कान तापले.

तेव्हा हिबिकी म्हणाली की तसं नाही, त्यांचं पांघरूण कोणीतरी नेलंय. कोणी, असं तिने विचारलं नाही, पण सगळ्या आया जमिनीकडे बघू लागल्या. ती कुंपणाकडे गेली आणि पिशवी ओढू लागली. मग सगळीच मुलं धावली. मी एक शब्द बोलले नव्हते, बाबा.

पिशवी सरकली, तर खाली ओल होती आणि ओलीत एक लांबलचक गांडूळ. हिबिकीने झारीतलं पाणी हातावर घेतलं आणि ते उचललं. पहिल्यांदाच. तिची आई पुढे झाली तशी तिने आईला अडवलं. म्हणाली की तसाच हात नको लावूस, ते कातडीने श्वास घेतं, आधी हात ओला कर. त्या बाईंनी बाही वर केली आणि झारीखाली हात धरला.

मुलांनी पानं पुन्हा कोपऱ्यात पसरल्यावर त्यांनीच रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घातल्या. कृत्रिम हिरवळीचं काय, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाल्या की बघू, विचार करू. आपल्याकडे ‘विचार करू’ म्हणजे ‘नकोच’, हे तुम्हाला सांगायला नको.

मुलांचा इतका अभिमान वाटतोय की हे सगळं जरा फुगवून तर लिहिलं नाही ना, म्हणून पत्र दोनदा वाचलं. नाही लिहिलं.

जशी आहे तशी तुमचीच,
मिओरी

२३ नोव्हेंबर

चि. मिओरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही. फक्त शेजारच्या दोन घरांत, कोबीच्या गोदामात आणि पोस्टातल्या बाईंना वाचून दाखवलं.

तू चार वर्षांची होतीस तेव्हा बांधावर तुला म्हणालो होतो, आधी हात ओला कर. मला ते माझ्या आईने सांगितलं होतं. मला वाटायचं, ते शब्द आपल्या बांधापुरतेच आहेत. आता कुठली कोण एक पोर ते स्वतःच्या आईला शिकवते आहे.

सोबत तांदळाचा कोंडा पाठवतो आहे. पानांवर भुरभुरायला हिबिकीला दे. म्हणावं, मिओरीबाईंच्या बाबांनी दिलाय.

तुझे,
मिओरीबाईंचे बाबा