उतरवून घ्या

२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाठ अजिबात दुखत नाही असं लिहिलंयत. खोटं लिहिताना तुमचं अक्षर फार सुबक येतं, हे एकदा सांगून ठेवते. गोदामाकडे फिरकत जाऊ नका. तुमची टोळी तुमच्याशिवाय माल उतरवू शकते. मुकादम घरी बसला म्हणून ट्रक रस्त्यात उभे राहत नाहीत.

आता मुख्य बातमी. तुमच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांची ती करडी गाडी आम्ही घेतली! व्यवहार पुरा झाला. डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला चाललेत, त्यांना ती पुढच्या आठवड्यात अंगणातून हलवून हवी आहे. आमच्या इस्पितळाला घरची गाडी असलेला माणूस पाहिजे, रुग्णांना ने-आण करायला. सोळा तारखेला गाडीसकट हजर व्हायचं. मेट्रनबाईंनी यांच्यासाठी शब्द टाकलाय, पण दुसरे दोघं टपून बसलेत.

हे किती मिनतवारीने तयार झाले ते माझं मला माहीत. तुम्हाला तेव्हा अपघात झाला एवढंच कळवलं होतं. झालं असं की यांच्या व्हॅनखाली एक सायकलवाला आला. चूक त्याची होती, पोलिसांनीही तसंच लिहिलं. पण पाय त्याचाच गेला. आणि मालकाने व्हॅनचा विमाच भरला नव्हता, त्यामुळे त्या घराला एक छदाम मिळाला नाही. मालक हात झटकून मोकळा झाला. हे मात्र अजून त्या माणसाच्या दारात जातात, त्याचं सामान आणून देतात आणि घरी येऊन जेवत नाहीत. तेव्हापासून यांनी चाकाला हात लावलेला नाही. शीतगृहाच्या फाटकावर रखवाली करतात. एका हाडाच्या ड्रायव्हरला रोज फाटक उघडून दुसऱ्यांच्या गाड्या आत घेताना बघायचं, बाबा, हे माझ्याने आता होत नाही.

तर यांची एकच अट आहे. विमा असेल तरच चाकाला हात लावीन, नाहीतर नाही. हे नऊ तारखेला इथून बसने निघतील. त्याआधी तुम्ही डॉक्टरांना बरोबर घेऊन गाडीचा विमा उतरवून घ्या. आरसा फुटका असला तरी चालेल, टायर गुळगुळीत असला तरी चालेल, पण विमा उतरवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. तुम्हाला कधी काही काम सांगत नाही, हे एवढं कराच.

पाठीला जपा. माया आहेच, तिच्यात खंड पडू देऊ नका.

तुमची,
भांडखोर


६ नोव्हेंबर

चि. सौ. भांडखोर हिला,
अनेक उ. आशीर्वाद.

काम फत्ते! तू सांगायचा अवकाश, बापाने विमा उतरवलासुद्धा. पत्र मिळालं त्याच दिवशी टोपी घातली आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांना म्हटलं, तुमच्या गाडीवर विमा आहे का? ते म्हणाले, आहे ना, चांगला पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा आहे. म्हटलं, मग तो आधी काढून टाका, माझ्या मुलीला गाडी स्वच्छ पाहिजे.

डॉक्टर जरा घुटमळले. म्हणाले, राहू द्या की, नावावर करून देतो. मी म्हटलं, छे, तुमचं ओझं माझ्या जावयाच्या गळ्यात कशाला? या घरावर बँकेचा बोजा होता तो उतरवताना माझी काय दमछाक झाली होती, ते मी विसरलेलो नाही. शेवटी ऑफिसात नेलंच त्यांना. तिथला कारकूनही विचारत होता की चालू विमा कशाला मोडता. लोकांना दुसऱ्याचं काम अडवायला काय आवडतं कोण जाणे! तासभर ठाण मांडून बसलो आणि उतरवूनच उठलो. आता गाडीवर कसलंही लचांड नाही. जावईबापूंना सांग, अगदी मोकळ्या अंगाने या.

टायर गुळगुळीत नाहीत. आरसाही शाबूत आहे. आतल्या गाद्यांना दवाखान्याचा वास येतो, तो जाईल.

पाठीचं म्हणशील तर ठीक आहे. हे अक्षर बघ, सुबक नाही, म्हणजे खरं लिहितोय.

जसा लोभ आहे तसाच राहो.

तुझे,
बाबा


९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,
शि. सा. न.

हे सकाळच्या बसने गेले आणि दुपारी तुमचं पत्र हातात पडलं. बाबा, काय करून बसलात हो हे!

विमा उतरवणं म्हणजे विमा करणं. घेणं. गाडीला चढवणं म्हणा हवं तर! गाडीने कुणाला धक्का लागला तर त्या माणसाला भरपाई मिळावी, म्हणून विमा असतो. तो बँकेचा बोजा नव्हे. चांगला चालू असलेला विमा तुम्ही मोडून आलात. गाडी आता उघडी आहे, आणि हे ती घाटातून चालवत आणणार आहेत. विमा काढा असं लिहिलं असतं तरी तुम्ही काढूनच टाकला असतात, आणि मी करंटी, मला वाटलं मराठीत लिहिलंय म्हणजे कळलं.

मला तुमचा राग आलाय. लिहूनच टाकते, पोटात ठेवून मला काम करता येणार नाही. डॉक्टर थांबा म्हणाले, कारकून थांबा म्हणाला, तुम्हाला एकदा विचारावंसं वाटलं नाही?

पत्राला तीन दिवस लागतात, म्हणून ड्यूटीवरून तशीच धावत जाऊन तार केली. ती मिळालीच असेल. यांना गाडीला हात लावू देऊ नका. पाया पडते.

ता. क. तार करून घरी आले आणि पायरीवरच मटकन बसले. तारेत मी काय लिहिलंय माहितेय? ‘विमा उतरवल्याशिवाय गाडी हलवू नका.’ पुन्हा तोच मेला शब्द! परत धावत गेले तर तारेची खिडकी बंद झाली होती. बाबा, तारेवर जाऊ नका, या पत्रावर जा. पण हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत यांनी घाट ओलांडलेला असेल. मी काय करू, मला काही सुचत नाही.

तुमची,
भांडखोर


१० नोव्हेंबर

चि. सौ. भांडखोर हिला,
अ. उ. आ.

तुझी तार मिळाली. वाचून इतका हसलो की शेजारचे बघायला आले. अगं, पत्रातून तेच, तारेतूनही तेच! बापावर एवढासुद्धा भरवसा नाही का? विमा उतरवलाय, उतरवलाय, उतरवलाय. झालं समाधान?

जावईबापू आज संध्याकाळी पोचले. वाटेत बस बंद पडून रात्र स्टँडवर काढावी लागली, सुकलेत फार. पोचल्या पोचल्या पाणी प्यायच्या आधी विचारलं की विमा उतरवला का. मी म्हटलं, चार दिवस झाले. तुझी तारही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पहिल्यांदा हसले. मग आम्ही डॉक्टरांच्या अंगणात जाऊन गाडी बघून आलो. आत बसले नाहीत. नुसते भोवती फिरले आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

उद्या उजाडताच निघतील, रात्रीपर्यंत तुझ्या दारात. जेवायला काहीतरी बरं कर. आता डोक्यातलं खूळ काढ आणि स्वस्थ झोप.

माया असू दे, संशय नको.

तुझे,
बाबा


१३ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना,
नमस्कार.

तुमचं दहा तारखेचं पत्र आज मिळालं. आणि हे अजून आलेले नाहीत.

अकराला निघाले असतील तर त्याच रात्री यायला हवे होते. काल दिवसभर नाही, आज संध्याकाळ झाली. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की मी खिडकीशी जाते. शेजारीण म्हणते टायर बसला असेल. टायर बसायला दोन दिवस लागतात का? तिच्यावर उगाचच खेकसले.

मी अपघाताच्या खोलीत कामाला आहे, बाबा. दार ढकलून स्ट्रेचर आत आलं की आधी चपला बघते. काल घाटातला एक माणूस आणला, यांच्याएवढाच. ते हे नाहीत म्हणून मला आनंद झाला, आणि त्याची बायको माझ्यासमोर भिंतीला धरून उभी होती. मी कसली नर्स? मेट्रनबाईंनी माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि मला बाहेर बसवलं.

यांना काही झालं असेल ही एक भीती. आणि यांच्या हातून कुणाला काही झालं असेल ही दुसरी. खरं सांगते, दुसरी जास्त आहे. जखमा मी बांधीन. पण पुन्हा एखाद्या घराला यांच्यामुळे काही मिळालं नाही, तर हा माणूस परत उभा राहणार नाही. आणि ती तार यांच्या खिशात आहे. माझ्याच शब्दावर विसंबून निघाले हो. मीच यांना घराबाहेर काढलं, मीच बळेबळे गाडीत बसवलं.

तुम्हाला रागावले होते, तो राग केव्हाच गेला. आता नुसतं एवढं कळवा, हे निघाले का. कुठल्या वाटेने निघाले. काय असेल ते कळवा, वाईट असलं तरी कळवा. फक्त सुबक अक्षरात लिहू नका.

तुमची


१३ नोव्हेंबर

चि. सौ. लेकीला,
अनेकानेक आशीर्वाद.

आधी हे वाच. जावईबापू सुखरूप आहेत. गाडी रस्त्यावर आलेलीच नाही. कुणाला ओरखडाही नाही.

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. मी सांगतोय आणि दातांचे डॉक्टर लिहून घेतायत. माझी उजव्या हाताची दोन बोटं फळीखाली आली. डॉक्टरांनीच बांधली. दात सोडून दुसरं काही बांधायची त्यांची पहिलीच वेळ, तरी बरी बांधलीत. हे वाक्य त्यांनी कुरकुरत लिहिलंय.

अकराला उजाडताच आम्ही अंगणात गेलो. जावईबापू आत बसले, इंजिन चालू केलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, विम्याचा कागद द्या. मी म्हटलं, कागद कसला? विमा उतरवल्यावर कागद कुठून राहणार? त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले आणि पायरीवर बसले. डॉक्टरांनी सगळा उलगडा केला. जावयाने मला चार शब्द सुनवायला हवे होते. ते नुसते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, मी निघालोच होतो.

धावत ऑफिसात गेलो. नवा विमा द्यायचा तर आधी गाडी तपासावी लागते, आणि तपासणारे साहेब दौऱ्यावर, पुढच्या आठवड्यात येणार. कारकुनाचे पाय धरायचे बाकी ठेवले. त्याने सांगितलं की तुमच्या गावातल्या ऑफिसात एका दिवसात होईल. पण गाडी तिथे न्यायची कशी? जावईबापू म्हणाले, चालवणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, फाटक आहेच. ते फाटक आहेच म्हणाले ना, तेव्हा मी घरी जाऊन दार लावून रडलो. दोन दिवस तुला लिहायला हात धजला नाही. जावईबापू तार करा म्हणत होते, पण मला आता दोन शब्दांच्या तारेचीच भीती बसलीय. आणि काल तुझं पत्र आलं, ते पायरीवर बसून लिहिलेलं. तुझं खरं आहे. मी विचारायला हवं होतं.

का विचारलं नाही ते सांगतो. तू शिकलीस, नर्स झालीस. तुझ्या कामातलं मला काही कळत नाही आणि माझ्या कामाची तुला कधी गरज पडली नाही. सगळा जन्म मी एकच काम केलं, माणसांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. आणि पत्रात तू लिहिलंस, बाबा, उतरवून घ्या. मला वाटलं, पहिल्यांदाच पोरीने माझ्या हातचं काम सांगितलं. त्या आनंदात मी पुढचं वाचलंच नाही गं.

काल रात्री जुन्या टोळीच्या दारोदार फिरलो. सगळे आले, दम्यावालासुद्धा. गोदामातून कागदाची रिळं घेऊन एक ट्रक तुमच्या गावाला निघत होता, अर्धा रिकामा. आज सकाळी फळ्या लावल्या, दोर बांधले, आणि डॉक्टरांची गाडी वर चढवली. मला नुसतं ओरडायलाच ठेवलं होतं. पण मागची फळी सरकायला लागली आणि मी हात घातला. पाठीचं विचारू नकोस.

ट्रक दुपारी निघाला. वाटेत दोन ठिकाणी रिळं टाकायची आहेत, पंधराला सकाळी तुझ्याकडे पोचेल. गाडी उतरवायला सहा माणसं आणि जाड फळ्या तयार ठेव. आधी चाकांखालच्या पाचरी काढायच्या, मग पुढचे दोर सोडायचे, मागचे दोर माणसांच्या हातात ठेवून सावकाश खाली घ्यायची. घाई करणाऱ्याला बाजूला काढ. उतरली की पहिल्यांदा विम्याचं ऑफिस. तिथे काय म्हणायचं ते तूच म्हण, मी तो शब्द आता उच्चारणार नाही.

आणखी एक. ट्रकवाल्याने जावईबापूंना शेजारी बसायला सांगितलं, तर ते नको म्हणाले. ट्रकवर चढले, आणि बांधलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. दोन्ही हातांनी चाक धरलं. ट्रक वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी बघत होतो, हात चाकावरून हलले नव्हते. गाडीला सहा माणसं लागतील. त्यांना मात्र तू एकटीच उतरवून घे.

रागावलीस तरी चालेल, लिहीत राहा.

तुझे,
बाबा