काळी प्रभावळ

प्रिय ओर्नेला,

दोन इयत्तांच्या जोरावर लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

रविवारी चर्चमध्ये, तू साफ करतेयस त्या जुन्या चित्रापुढे उभं राहून सगळ्यांना सांगितलंस, की येशूच्या शेवटच्या भोजनाच्या या चित्रात ज्याला आपलं गाव पिढ्यान्‌पिढ्या यहूदा म्हणत आलं, तो यहूदा नव्हेच. त्याच्या डोक्यामागची प्रभावळ चांदीच्या वर्खाची होती, ओलीनं काळी पडली. काळी दिसली म्हणून तो दगाबाज! खरा यहूदा शेजारचा, गोरागोमटा, भाकरीकडे हात नेणारा. बाकावर शेजारी बसलेल्या क्विंतिलियानं मला कोपरानं ढोसलं, "नुन्त्सिया, आपण भलत्याचेच डोळे फोडले गं!" फोडलेच. लग्नाआधी पोरीनं केसांतल्या पिनेनं यहूदाचा डोळा खरवडायचा, ही इथली रीत. माझ्या आईनं खरवडला, मी खरवडला. तुझ्या आईनं, माझ्या लेकीनं, नुसती पीन टेकवली, मनानं मऊ होती.

मग तू म्हणालीस, चित्रांचा इतिहास आणि आपला धर्म एकच शिकवतात: वरचं काजळ पुसा, खाली देवाचा माणूस सापडतो. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी नाही पिटल्या. तुझ्या हाती कापूस असतो, औषधाचं पाणी असतं. मी चाळीस वर्षं फादर एवारिस्तोपुढे गुडघे टेकून पापं सांगतेय, दुधात पाणी घातलं तेसुद्धा सांगितलं. एक सोडून.

तू अकरा दिवसांची होतीस, तुझी आई तापानं फणफणलेली. तुझा बाप सेत्तिमिओ बारमध्ये पत्ते कुटत बसला म्हणून ती गेली, हे तुला सांगितलं मी. गावाला सांगितलं तेही मीच. खरं म्हणजे तिला दवाखान्यात न्यायला तो शेजाऱ्याची गाडी मागून आणून दारात उभा होता. मी आडवी झाले. म्हटलं, "बाळंतिणीला ताप येतोच. तुम्हा कालाब्रियाच्या लोकांना ऊठसूट मयत दिसतं." दुसऱ्या दिवशी मयतच होतं. दूर दक्षिणेतून आलेल्या परक्याचं गाव कशाला ऐकेल? गाव सोडून जाताना त्यानं तुला मागितलं. मी दिलं नाही.

माफी मागत नाहीये. इतक्या सहज माफ केलंस तर मला तुझीच चीड येईल.

पण रविवारी टाळ्या थांबल्यावर एक म्हातारा टोपी चुरगाळत, चित्रापुढची दोरी ओलांडून तुझ्याजवळ आला. तू म्हणालीस, "काका, मागे व्हा, रंग ओला आहे." तो निमूट मागे झाला. तोच तुझा बाप. तेर्नीला स्टेशनमागच्या बेकरीच्या वर राहतो. जायचं तर जा, मला सांगून जाऊ नकोस.

तुझीच आजी,
नुन्त्सिया